'मॅड' नियतकालिकातील गुप्तहेर मालिकांची विडंबने

पूर्वी न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'मॅड' या अमेरिकी विनोदी नियतकालिकाने दूरचित्रवाणीवरील पोलीस आणि गुप्तहेर मालिकांची चित्रकथेच्या रूपात केलेली विडंबने. 'मॅड' १९५२ साली हार्वे कर्ट्झमन यांच्या संपादनाखाली दहा सेंटांचे रंगीत कॉमिक म्हणून सुरू झाले. २४व्या अंकापासून (१९५५) ते पंचवीस सेंटांचे कृष्णधवल नियतकालिक झाले.

१९५३ साली तिसऱ्याच अंकात 'ड्रॅगनेट' या पोलीस मालिकेवर 'ड्रॅग्ड नेट!' हे विडंबन आले. चित्रे बिल एल्डर यांची होती. मूळ मालिकेत सार्जंट जो फ्रायडे वार, वेळ, हवामान यांची सपाट आवाजात नोंद करत जातो आणि शीर्षकसंगीताचे चार ठोके पडतात. हे ठोके कागदावर ठळक अक्षरांत, चौकटीत घुसवलेले दिसतात. नेमकी हीच सवय विडंबनाला पुरते. पार्श्वभूमीतल्या पाट्या, भिंती, वाटसरू यांत एल्डर जे किरकोळ विनोद कोंबत, त्यांना 'चिकन फॅट' (कोंबडीची चरबी) म्हणत. कथा त्यांच्यावाचून अडत नाही, पण अंक पुन्हा उघडावासा वाटतो तो त्यांच्यामुळेच.

१९५९ साली ४८व्या अंकात मॉर्ट ड्रकर यांनी 'पेरी मेसन' या वकिलावरच्या मालिकेचे विडंबन चित्रित केले. कधी न हरणारा वकील एकदा खटला हरतो, एवढीच कल्पना. सूत्र जितके घट्ट, तितका एकच टाका उसवून सगळे सुटते. 'कोलंबो' या गुप्तहेर मालिकेत खुनी सुरुवातीलाच दाखवतात, म्हणून 'क्लोडंबो' या विडंबनासाठी कच्चा माल तयारच होता: चुरगळलेला रेनकोट, सिगार आणि दारातून परत फिरून विचारलेला प्रश्न.

लेखक आधी चौकटीनिहाय संहिता लिहितो. संवाद यंत्राने जुळवून, छापील पानाहून मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवले जात आणि मग तो चित्रकाराकडे जाई. त्यामुळे लांबलेला संवाद चौकटीचा वरचा भाग खाऊन टाकतो आणि चित्रकाराला उरलेल्या जागेत चेहरे बसवावे लागतात. व्हिडिओ रेकॉर्डर घरोघरी येण्यापूर्वी चित्रकारांची भिस्त प्रसिद्धीसाठीच्या स्थिरचित्रांवर असे. त्यांत चेहरा बहुधा समोरून, देखणा. पाठमोरा किंवा ओरडतानाचा कोन स्वतः रचावा लागे. इथेच कमी कसबाच्या चित्रकाराचा नायक तिसऱ्या चौकटीत ओळखू येईनासा होतो. ड्रकर प्रत्येक कोनातून चेहरा टिकवत, आणि ते या प्रकारातले सर्वांत मोठे चित्रकार ठरतात ते याच बळावर. सत्तरच्या दशकापासून मालिकांची बरीच विडंबने अँजेलो टॉरेस यांनी काढली.

पहिल्या मोठ्या चित्रात पात्रे स्वतःची ओळख सांगतात, कारण मालिका न पाहिलेल्या वाचकालाही आत घ्यायचे असते. लेखनापासून छपाईपर्यंत काही महिने जात असल्याने नवी मालिका निवडण्यात धोका असे: अंक बाजारात येईपर्यंत ती बंदही पडू शकते. म्हणून हंगामभर टिकलेल्या मालिकांनाच पसंती मिळे. 'क्रॅक्ड' (१९५८) या स्पर्धक नियतकालिकात जॉन सेव्हरिन यांनी अशीच विडंबने सफाईने चितारली.