बोटीवर संसर्गाचा संशय आला तर पोर्ट हेल्थला कसं कळवतात : कोणी, कधी आणि कोणत्या कागदांसह

परदेशातून आलेली बोट मुंबई, न्हावा-शेवा किंवा मुरगावला लागली की लगेच माणसं खाली उतरली, माल उतरायला लागला, असं होत नाही. आधी आरोग्य खात्याची मोकळीक लागते. बोटीवर तिला 'फ्री प्रॅटिक' म्हणतात. ती देतं पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन, आणि हे कार्यालय बंदर प्राधिकरणाचं नसून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या हाताखालचं आहे. कामकाज चालतं ते भारतीय बंदर आरोग्य नियम, 1955 आणि जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, 2005 यांच्या आधारे. ही नियमावली 15 जून 2007 पासून लागू आहे.

बोटीवर कोणी आजारी नसेल तर ही मोकळीक बोट बंदरात येण्याआधी नुसत्या संदेशांवरही मिळू शकते. आजारी असेल तेव्हा काय करायचं, ते खाली.

कळवायचं कोणी?

कॅप्टनने. एजंट (बंदरावर बोटीची कामं बघणारा) ईमेल पुढे पाठवतो, फोन करतो, पण सही आणि जबाबदारी कॅप्टनचीच. बोटीवर डॉक्टर असेल तर त्याचीही सही लागते. डॉक्टर असतो कुठे, हा प्रश्न आहेच. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार शंभर किंवा अधिक माणसं घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय फेरीवर जाणाऱ्या बोटीवर डॉक्टर लागतो. म्हणजे क्रूझवर असतो. वीस-बावीस जणांच्या मालवाहू बोटीवर नसतो. तिथे औषधांची पेटी बहुतेक सेकंड मेटकडे, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालच्या एका अधिकाऱ्याकडे असते आणि सल्ला रेडिओवरून किंवा सॅटेलाइट फोनवरून घेतला जातो. हा वैद्यकीय सल्ला बोटीला फुकट मिळतो, तेव्हा तो मागायला कचरू नये.

कॅप्टनने रोगाचं नाव सांगावं अशी कोणाची अपेक्षा नाही. संशय पुरतो. तो कधी घ्यायचा हे कॅप्टनने भरून द्यायच्या आरोग्य घोषणापत्रावरच छापलेलं असतं. ताप बरेच दिवस हटत नसेल, किंवा तापासोबत गळून जाणं, शुद्ध हरपत जाणं, गाठी सुजणं, कावीळ, खोकला किंवा धाप, विचित्र रक्तस्राव, लुळेपणा यांतलं काही असेल, तर तो संशयित रुग्ण. ताप नसतानाही अंगावर अचानक उठलेला पुरळ, जोराच्या उलट्या, जोराचे जुलाब किंवा पुन्हापुन्हा येणाऱ्या आकड्या असतील तरीही तेच. उलट्यांपुढे 'बोट लागल्याच्या सोडून' असा खुलासा केलेला आहे, नाहीतर पावसाळ्यात अरबी समुद्रातली प्रत्येक बोट कळवण्याजोगी ठरली असती!

कधी?

नियमावलीच्या 28 व्या कलमाची भाषा सरळ आहे: आजार लक्षात आल्याबरोबर, बंदरात पोचण्याच्या जितकं आधी शक्य असेल तितकं आधी. बंदरात शिरण्यापूर्वीचा फॉर्म भरताना बघू, असं म्हणून तीन दिवस थांबणं हा या कलमाचा भंगच झाला. संदेश थोडक्यात असला तरी चालतो: बोटीचं नाव आणि आयएमओ क्रमांक (बोटीचा कायमचा ओळख क्रमांक), कुठून कुठे निघाली, केव्हा पोचणार, किती जण आजारी, प्रत्येकाला काय होतंय आणि केव्हापासून, वेगळं ठेवलंय का, उतरवून इस्पितळात न्यावं लागेल का. पूर्ण घोषणापत्र मागाहून जातं.

पिवळ्या झेंड्याबद्दल बराच गैरसमज आहे. 'क्यू' झेंडा चढवला म्हणजे बोटीवर साथ आहे, असं बंदरावरचे जुने लोकही सांगतात. झेंड्यांच्या आजच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीत त्याचा अर्थ उलटा आहे: माझी बोट निरोगी आहे, मला मोकळीक द्या.

घोषणापत्र भरताना

या कागदाला सगळे 'एमडीएच' म्हणतात, म्हणजे मॅरिटाइम डिक्लरेशन ऑफ हेल्थ. वरच्या भागात बोटीची माहिती, सॅनिटेशन सर्टिफिकेट (बोटीच्या स्वच्छतेचा दाखला) कुठे आणि केव्हा मिळालं, जागतिक आरोग्य संघटनेने बाधित ठरवलेल्या भागात बोट गेली होती का, आणि फेरी सुरू झाल्यापासूनची किंवा गेल्या तीस दिवसांतली बंदरं, यांतला जो काळ कमी असेल तो. त्याखाली नऊ प्रश्न, हो किंवा नाही. अपघात सोडून कोणाचा मृत्यू झाला का, आत्ता कोणी आजारी आहे का, डॉक्टरचा सल्ला घेतला का, निर्जंतुकीकरण किंवा विलगीकरण केलं का, चोरून चढलेला कोणी सापडला का. आजारी पाळीव प्राणीसुद्धा सुटलेला नाही.

चुका होतात त्या दुसऱ्या प्रश्नावर. तो विचारतो, संसर्गजन्य असल्याचा संशय यावा असा रुग्ण बोटीवर आहे किंवा या फेरीत होऊन गेला का. त्यातलं 'होऊन गेला' महत्त्वाचं. बरा झालेला धरायचा आणि मागच्या बंदरात उतरून गेलेलाही धरायचा. डायमंड प्रिन्सेस आठवा. 20 जानेवारी 2020 ला योकोहामात चढलेला एक प्रवासी 25 तारखेला हाँगकाँगला उतरला आणि 1 फेब्रुवारीला त्याला कोविड असल्याचं निष्पन्न झालं. तोवर तो बोटीवर नव्हताच. बोटीवर होते 3,711 लोक, आणि त्यांतल्या 712 जणांना पुढे लागण झाल्याचं आढळलं. त्या बोटीच्या कर्मचाऱ्यांत शंभरावर भारतीय होते.

मृत्यू किंवा आजाराबद्दलच्या प्रश्नाला 'हो' असेल तर जोडपत्र भरावं लागतं, दर रुग्णाला एक ओळ. समजा, सेकंड कुकला चार दिवस ताप आहे आणि डोळे पिवळे दिसतायत. मग त्याचं नाव, हुद्दा, वय, लिंग, राष्ट्रीयत्व, तो कोणत्या बंदरात, कोणत्या तारखेला चढला, आजाराचं स्वरूप, लक्षणं कधी सुरू झाली, आधीच्या कुठल्या बंदराच्या डॉक्टरला कळवलं होतं का, आता तो बोटीवरच आहे, हलवला की दगावला, कोणती औषधं दिली. आजाराच्या रकान्यात 'फीव्हर' एवढंच लिहिलं तर उलट प्रश्न येणार हे ठरलेलं. 'चार दिवस ताप, 39 अंशांपर्यंत, दुसऱ्या दिवसापासून डोळे पिवळे, दोनदा उलटी' असं लिहिलं की पोर्ट हेल्थच्या डॉक्टरला पुढचं ठरवता येतं. चढल्याची तारीखही नुसती कारकुनी नाही. तीवरून लागण बोटीवर झाली की बाहेरून आली, याचा अंदाज बांधता येतो.

सोबतचे कागद

एमडीएचसोबत क्रू लिस्ट, प्रवासी असतील तर त्यांची यादी, बंदरांची यादी, लसीकरणाची यादी आणि सॅनिटेशन सर्टिफिकेटची प्रत एवढं तयार हवं. याखेरीज एखादं बंदर आणखी काही मागतं, म्हणून एजंटने पाठवलेली ताजी यादीच प्रमाण धरावी. सॅनिटेशन सर्टिफिकेट जास्तीत जास्त सहा महिने चालतं. ते संपत आलं आणि त्या बंदरात तपासणीची सोय नसली, तर एक महिन्याची मुदतवाढ मिळते.

पिवळ्या तापाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे सूट नाही. हा रोग भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे. त्यामुळे बाधित देशातून आलेल्या माणसाकडे वैध लस प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होतं आणि जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. जुन्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत दिसली म्हणून कोणी पुन्हा लस घ्यायला सांगितलं तर हा नियम दाखवावा. आणि पुस्तिका सीडीसीसोबत (खलाशाच्या नोंदपुस्तकासोबत) हातातल्या बॅगेत ठेवावी, सुटकेसमध्ये नको.

कळवल्यावर

उत्तर येईपर्यंत आजारी माणूस एका केबिनमध्ये, शक्यतो स्वतंत्र संडास-बाथरूम असलेल्या. ताटवाटी वेगळी, सेवेला एकच ठरावीक माणूस, आणि तापमान, नाडी, औषधं यांची वेळेसह नोंद. गॅलीतला, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातला माणूस जुलाब-उलट्यांनी पडला असेल तर बरं वाटताच त्याला कामावर घेऊ नका. अमेरिकेत क्रूझ जहाजांसाठी असा नियम आहे की लक्षणं थांबल्यावर 48 तास झाल्याशिवाय त्याने अन्नाला हात लावायचा नाही. मालवाहू बोटीनेही तो पाळायला हरकत नाही.

पोर्ट हेल्थ बोटीला अँकरेजवर (नांगर टाकायच्या जागेवर) थांबवू शकतं, डॉक्टर पाठवून तपासणी करू शकतं, नमुने घेऊ शकतं, रुग्णाला इस्पितळात हलवू शकतं, मोकळीक अटींवर देऊ शकतं. आजारी माणूस आहे म्हणून बोटीला सरसकट हाकलून देणं मात्र नियमावलीला मंजूर नाही. त्या बंदरात पुरेशी सोय नसेल, तर सोय असलेल्या जवळच्या बंदरात जायला सांगता येतं.

आजार लपवला जातो तो पैशांच्या धास्तीने, हे उघड बोललं पाहिजे. 'साइन ऑफ करतील (बोटीवरून उतरवतील), पगार बुडेल' म्हणून मेसमन (जेवण वाढणारा) पॅरासिटामॉल गिळून डेकवर जातो. भारताने 2015 मध्ये मंजूर केलेल्या सागरी कामगार कराराप्रमाणे नोकरीच्या काळात झालेल्या आजाराच्या उपचाराचा खर्च मालकाने करायचा असतो. बोटीवर असेपर्यंत पूर्ण पगार आणि उतरवल्यानंतरही, आजार सुरू झाल्याच्या दिवसापासून किमान सोळा आठवड्यांपर्यंत, पूर्ण किंवा अंशतः पगार, हे त्याच करारात आहे. नेमका किती, ते तुमच्या करारपत्रात बघा. सही करण्याआधी बघितलेलं उत्तम.

साइन ऑफ करून रत्नागिरीला किंवा मडगावला घरी पोचल्यावर ताप आला तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा की बोटीवरून आलोय, अमुक बंदरांत होतो. पश्चिम आफ्रिकेहून आला असाल तर मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. रिपोर्टमध्ये संसर्गजन्य काही निघालं तर कंपनीच्या ऑफिसला ईमेल करा, तारखांसकट. बोट पुढच्या बंदराकडे निघालेली असेल, आणि तिथल्या घोषणापत्रातल्या दुसऱ्या प्रश्नाला कॅप्टनला 'हो' लिहावं लागेल.