थायरॉईड गाठ चिकित्सालय (मुंबई)

गळ्यातल्या थायरॉईड म्हणजे अवटू ग्रंथीत झालेल्या गाठीची सोनोग्राफी, सुईची तपासणी आणि पुढचा सल्ला एकाच ठिकाणी, जमल्यास एकाच दिवशी देणारी खास ओपीडी. हाताला लागेल अशी गाठ शंभरातल्या चार ते सात प्रौढांना असते. सोनोग्राफी केली तर निम्म्या लोकांत गाठ सापडू शकते, त्यातही बायकांत जास्त. दहातल्या साधारण नऊ गाठी साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसतात. त्यामुळे कोणती गाठ तशीच राहू द्यायची हे ठरवणे हेच या ओपीडीचे खरे काम.

सुरुवात थायरॉईडचे काम कसे चालले आहे ते दाखवणाऱ्या टीएसएच या रक्ततपासणीने आणि सोनोग्राफीने होते. गाठीचे रूप आणि आकार पाहून सुई लावायची की नाही हे ठरते. सोनोग्राफीतल्या रूपावरून गाठीला गुण देणाऱ्या 2017 च्या अमेरिकी टायरॅड्स पद्धतीत किंचित संशयास्पद गाठ अडीच सेंटिमीटरची होईपर्यंत सुई लावत नाहीत. सुईने काढलेल्या पेशींचा अहवाल ‘बेथेस्डा’ पद्धतीने सहा गटांत येतो. पहिला गट म्हणजे नमुना अपुरा. मग बहुधा पुन्हा सुई. पेशीतज्ज्ञाने तिथल्या तिथे पेशी पसरलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर ही दुसरी फेरी बऱ्याचदा वाचते.

मुंबईत खर्चाचा हिशेब या फेऱ्यांवरच येऊन ठेपतो. सरकारी-पालिका रुग्णालयांत तपासणी स्वस्त असते. पण सोनोग्राफीची तारीख वेगळी, सुईची वेगळी, रिपोर्टची आणखी वेगळी पडली, तर विरार किंवा बदलापूरहून परळला येणाऱ्या बाईचे तीन खाडे होतात. सोबत येणाऱ्याचे धरले तर सहा. हा आकडा कुठल्याच बिलात दिसत नाही. खासगीत वेळ वाचतो, पण प्रत्येक पायरीचे पैसे निराळे. बहुतेक आरोग्यविमा पॉलिसी दाखल न होता केलेल्या तपासण्यांचे पैसे देत नाहीत, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनाही मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. कर्करोग निघालाच तर परळमध्ये 1941 पासूनचे टाटा रुग्णालय आहे. त्याच आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये किरणोत्सारी आयोडीनचे उपचार होतात.

रुग्णाचे समाधान प्रश्नावलीने मोजतात: किती थांबावे लागले, सुई किती दुखली, डॉक्टरांनी नीट समजावले का. ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती घेऊन आलेल्याला दोन मिनिटे जास्त दिली, तर उत्तरे बदलतात. मात्र या मोजमापात एक खोट आहे. ‘काही करायची गरज नाही’ हा योग्य सल्ला ऐकून माणूस नाराज होऊन जातो, आणि नको असलेली तपासणी झाली की निर्धास्त होतो. दक्षिण कोरियात सोनोग्राफी सहज मिळू लागल्यावर 1993 ते 2011 या काळात थायरॉईड कर्करोगाचे निदान सुमारे पंधरा पटींनी वाढले; मृत्यूंचे प्रमाण जवळपास होते तिथेच राहिले. शस्त्रक्रियेने पूर्ण ग्रंथी काढलेल्यांना मात्र रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी स्वस्त असते, पण तिचा डोस ठरवणाऱ्या रक्ततपासण्यांचा खर्च वर्षानुवर्षे चालूच राहतो.

साधी ठरलेली गाठ बहुधा वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा पाहतात. त्या वेळी जुना रिपोर्ट सोबत हवा. दोन सेंटरांच्या मोजणीत एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतोच. कमीत कमी दोन दिशांनी 20 टक्के आणि किमान दोन मिलिमीटर वाढ झाली, तरच गाठ वाढली असे धरतात.