पबमेडमधील शोध-अलर्ट

पबमेडमधील शोध-अलर्ट ही वैद्यक आणि जीवशास्त्रातील नवे संशोधन-लेख अभ्यासकाला आपोआप कळवणारी सुविधा आहे. अभ्यासकाने एकदा जतन केलेला शोध संगणकप्रणाली ठरलेल्या दिवशी पुन्हा चालवते आणि मागच्या खेपेनंतर दाखल झालेल्या, त्या शोधात बसणाऱ्या नोंदींची यादी ईमेलने पाठवते. पबमेड हा माहितीकोश अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या अखत्यारीतील ‘एनसीबीआय’ हे केंद्र चालवते. त्यात ३.५ कोटींहून अधिक नोंदी असून त्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

या सुविधेमागची कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. प्रत्येक वाचकाच्या विषयांचा आराखडा यंत्रात साठवावा, येणारे प्रत्येक नवे कागदपत्र त्याच्याशी ताडून पाहावे आणि जुळेल तेवढेच त्या वाचकाकडे धाडावे, अशी योजना आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये मांडली. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात ती ‘निवडक माहिती प्रसारण’ या नावाने शिकवली जाते. त्या काळी वैद्यकातले नवे लेख शोधायचे म्हणजे १८७९ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडेक्स मेडिकस’ या छापील सूचीचे अंक चाळावे लागत. ही सूची २००४ मध्ये बंद झाली. पबमेड १९९६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आले आणि जून १९९७ पासून सर्वांना मोफत खुले झाले. शोध जतन करून ठेवण्याची आजची व्यवस्था ‘माय एनसीबीआय’ या नावाने २००५ पासून आहे.

अलर्ट लावण्यासाठी एनसीबीआयचे खाते लागते. २०२१ पासून त्यासाठी वेगळा पासवर्ड मिळत नाही; गूगल, ऑर्किड (संशोधकांना ओळख-क्रमांक देणारी सेवा) किंवा आपली संस्था यांसारख्या बाहेरच्या लॉगिननेच आत जावे लागते. शोध चालवल्यावर शोधचौकटीच्या खाली ‘क्रिएट अलर्ट’ हा दुवा दिसतो. तेथे शोधाला नाव द्यायचे, ईमेल रोज, आठवड्याला की महिन्याला हवी ते निवडायचे, नोंदीसोबत सारांश हवा की नाही आणि एका ईमेलमध्ये जास्तीत जास्त किती नोंदी याव्यात हे ठरवायचे. एवढे काम पाच मिनिटांत होते. खरा वेळ जातो, आणि जायलाही हवा, तो शोधाची मांडणी करण्यात.

विंचूदंशाचे उदाहरण घेऊ. कोकणातील लाल विंचवाच्या दंशावर महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेले काम जगभर संदर्भासाठी घेतले जाते. या विषयावर अलर्ट लावणाऱ्याने लाल विंचवाचे आजचे शास्त्रीय नाव, हॉटेंटोटा टॅम्युलस, एवढेच टाकले तर बरेच लेख निसटतील, कारण हाच विंचू आधी ब्यूथस आणि नंतर मेसोब्यूथस या प्रजातीनामांनी ओळखला जात असे आणि आजही अनेक लेखक जुनेच नाव वापरतात. म्हणून तिन्ही नावे, शिवाय विंचूदंशासाठीचे सर्वसाधारण शब्द, मोठ्या अक्षरांतल्या ‘ऑर’ने (OR, म्हणजे ‘किंवा’) जोडून कंसात घालावे लागतात. पबमेडच्या ‘मेश’ या प्रमाणित विषयशीर्षकांमध्ये विंचूदंशाचे स्वतंत्र शीर्षक आहे, पण केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. २०२२ पासून ही शीर्षके संगणकामार्फत लवकर लागत असली, तरी ती फक्त मेडलाइन या उपसंग्रहातील नोंदींनाच मिळतात आणि पबमेडमध्ये त्याबाहेरच्याही पुष्कळ नोंदी आहेत. विषयशीर्षक आणि लेखाच्या शीर्षक-सारांशातील शब्द अशा दोन्ही बाजूंनी शोध बांधणे हाच खात्रीचा मार्ग होय.

लेखकाच्या नावावर लावलेल्या अलर्टची अडचण वेगळी आहे. पबमेडमध्ये लेखक सामान्यतः आडनाव आणि आद्याक्षरे यांवरून शोधला जातो. बावस्करांसारखे विरळ आडनाव असेल तर ते पुरते; पण पाटील एस, कुलकर्णी ए किंवा जोशी पी असा अलर्ट लावला, तर दंतवैद्यकापासून वनस्पतिशास्त्रापर्यंत अनोळखी लेखांचा पूर येतो. अशा वेळी नावासोबत संस्थेचे किंवा शहराचे नाव जोडावे. लेखकाचा ऑर्किड क्रमांक ज्या लेखांना जोडलेला असतो, तेथे त्या क्रमांकाने शोधणे अधिक नेमके ठरते.

अलर्टचा सर्वांत मोठा दोष हा की, मांडणी चुकल्याचे तो सांगत नाही. फार मोठ्या शोधाचे दुखणे निदान लक्षात येते: रोज पन्नास नोंदी येऊ लागल्या की माणूस वैतागून मांडणी सुधारतो किंवा अलर्ट बंद करतो. फार अरुंद शोध मात्र गप्प राहतो आणि त्या विषयावर नवे काहीच छापले जात नाही असा समज होऊन बसतो. संशोधनात हा समज अधिक घातक आहे. म्हणून शोध जतन करण्यापूर्वी त्या विषयावरील माहितीतले चार-पाच लेख त्यात सापडतात का, हे तपासून घ्यावे. उदाहरणार्थ, विंचूदंशावर विंचूप्रतिविष आणि प्राझोसिन हे औषध यांच्या एकत्रित वापराची चाचणी २०११ च्या ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे; विंचूदंशाच्या शोधात हा लेख दिसत नसेल तर मांडणीत खोट आहे हे नक्की समजावे. नवे काही नसले तरी ईमेल पाठवण्याचा पर्यायही सेटिंग्जमध्ये आहे. तो निवडला तर रिकामी ईमेल येते आणि निदान अलर्ट चालू आहे एवढे तरी कळत राहते.

पीएच.डी.चे विद्यार्थी पुष्कळदा विद्यापीठाच्या लॉगिननेच खाते उघडतात. पदवी मिळून ते लॉगिन बंद झाले की जतन केलेल्या शोधांपर्यंत पोहोचण्याची वाटही बंद होते. एकाच एनसीबीआय खात्याला एकाहून अधिक लॉगिन जोडता येतात, तेव्हा संस्था सोडण्यापूर्वीच गूगल किंवा ऑर्किडचे लॉगिन जोडून घ्यावे आणि अलर्टसाठी दिलेला ईमेल पत्ताही बदलावा.