बंद गॅरेजमधला हिवाळा: हौशी होड्या आणि जुन्या गाड्यांची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये थंडी पडू लागली की रात्रीच्या वेळी रस्त्यांवर मीठ पसरणाऱ्या गाड्या फिरायला लागतात. मिठामुळे रस्त्यावर बर्फ धरत नाही, पण तेच मीठ चाकांबरोबर उडून जुन्या मोटारीच्या पोटात जातं आणि पत्रा खायला लागतं. म्हणून नोव्हेंबरचा पहिला रविवार संपला की जुन्या गाड्या बाळगणारी मंडळी सहसा गॅरेजचं दार ओढून घेतात. त्या रविवारी लंडन ते ब्रायटन अशी जुन्या मोटारींची फेरी निघते. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारीपुढे पायी माणूस चालवण्याची सक्ती उठली आणि वेगमर्यादा ताशी १४ मैल झाली. त्या आनंदात निघालेल्या मिरवणुकीची आठवण म्हणून ही फेरी १९२७ पासून निघते. १९०५ च्या आधी बनलेल्या गाड्यांनाच तिच्यात प्रवेश असतो.

साधारण याच सुमारास तळ्याकाठचे आणि किनाऱ्यावरचे होडी-क्लब शिडं उतरवतात आणि होड्या उलट्या करून ताडपत्रीखाली ठेवतात. दुपारी चारला अंधार पडतो. वसंत ऋतू उजाडेपर्यंत चार-पाच महिने हाताला काम नाही. युरोप-अमेरिकेतले छांदिष्ट ज्याला ‘विंटर प्रोजेक्ट’ म्हणतात, ते या रिकाम्या महिन्यांतलं. कोणी १९३० सालच्या गाडीचं इंजिन उतरवून बसतो, तर कोणी दहा फुटी होडी जोडायला घेतो. मग काम कुठवर आलं, काय अडलं, हे एकमेकांना सांगणं आणि दाखवणं आलंच.

हे सगळं थंडीवर आणि हौशीवर ढकलून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. थंडी शेकडो वर्षं होतीच, पण घरच्या घरी होडी बांधणारा कारकून किंवा शाळामास्तर ही विसाव्या शतकातली गोष्ट आहे. त्याला कोणीतरी नकाशा दिला, कोणीतरी घरच्या करवतीने कापता येईल असं साहित्य दिलं, आणि सरकारने कर लावून तयार माल महाग केला. यातला मोठा वाटा वर्तमानपत्रांचा आणि मासिकांचा.

सुरुवात अमेरिकेत झाली. ‘द रडर’ या मासिकाचा संपादक थॉमस फ्लेमिंग डे याचं म्हणणं असं की समुद्रावर जायला श्रीमंत असण्याची गरज नाही, छोटी होडी पुरते. १९०१ मध्ये त्याच्या मासिकाने ‘सी बर्ड’ नावाच्या साध्या, सपाट फळ्यांच्या होडीचे नकाशे छापले. बोलून गप्प बसणाऱ्यांतला तो नव्हता. १९११ साली तो स्वतः त्याच होडीतून अटलांटिक ओलांडून गेला. पुढे त्याच घराण्यातल्या एका मोठ्या होडीचा नकाशा घेऊन हॅरी पिजन या छायाचित्रकाराने लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावर एकट्याने ३४ फुटी ‘आयलंडर’ बांधली. १९२१ ते १९२५ या काळात तो तिच्यातून एकटा जगप्रदक्षिणा करून आला. समुद्रावर न्यायची होडी बांधण्याचा बायोडेटात लिहावा असा पूर्वानुभव त्याच्याकडे नव्हता, पण नकाशा होता.

नकाशा छापणं वेगळं आणि वाचकाला कार्यशाळेत बोलावणं वेगळं. ‘डेट्रॉइट न्यूज’ या वर्तमानपत्राची स्वतःची हौशी कार्यशाळा होती. १९३६-३७ च्या हिवाळ्यात तिथे आर्ची अॅरोल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बर्फावर चालणारी एक शिडाची गाडी आखली. लांबी १२ फूट, खाली पोलादी धावपट्ट्या, वर ६० चौरस फुटांचं शीड. शहरातल्या साध्या माणसांनी त्याच हिवाळ्यात तिथे येऊन स्वतःच्या गाड्या बांधल्या. वर्तमानपत्राच्या आद्याक्षरांवरून तिला ‘डीएन’ नाव पडलं, आणि बर्फावरच्या शिडाच्या गाड्यांमध्ये आजही हाच जगातला सर्वांत मोठा वर्ग आहे. हिवाळ्यात बांधून हिवाळ्यातच वापरायची ही एक दुर्मीळ चीज. गोठलेल्या तळ्यावर चाकरीवाला माणूस वाऱ्याच्या कैक पट वेगाने सुटतो, हे बघितल्याशिवाय खरं वाटत नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि सगळं साहित्यच बदलून गेलं. त्याआधी होडी म्हणजे ओळीने लावलेल्या फळ्या, वाफेवर वाकवलेल्या फासळ्या, तांब्याचे शेकडो खिळे, आणि हे सगळं जमवायला आधी एक अख्खा लाकडी साचा. कसलेल्या सुताराचं काम ते. युद्धात ब्रिटनने ‘मॉस्किटो’ हे लढाऊ विमान लाकडाचं केलं: बर्चच्या प्लायचे दोन पापुद्रे आणि मध्ये बाल्सा हे हलकं लाकूड. सुरुवातीला ते दुधातल्या केसिनपासून केलेल्या सरसाने चिकटवत. पण दमट हवेत या सरसाला बुरशी धरते, आणि आपल्याकडच्या हवेत तर विचारायलाच नको. मग युरिया-फॉर्माल्डिहाइडचा कृत्रिम सरस वापरात आला. नॉर्मन द ब्रॉइन याने तो ‘एरोलाइट’ नावाने युद्धापूर्वीच तयार केला होता. युद्ध संपलं तेव्हा पाण्याला दाद न देणारा सरस आणि त्याच जातीचं प्लायवूड दोन्ही बाजारात होतं. विमानाला जे चालतं ते होडीला का चालणार नाही?

प्लायवूडने होडीचा आकारच ठरवला, असंही म्हणता येईल. १९४७ साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावात ‘ऑप्टिमिस्ट क्लब’ या समाजसेवी संस्थेला पोरांसाठी काहीतरी हवं होतं. उतारावरून सोडायच्या खोक्यांच्या गाड्यांच्या शर्यती तेव्हा जोरात होत्या. क्लिफर्ड मॅके यांनी सुचवलं की त्याऐवजी होड्या करूया, त्या पोरांना वर्षभर वापरता येतील. खर्च मात्र पन्नास डॉलरच्या आत बसायला हवा. क्लार्क मिल्स हा होडीवाला कामाला लागला. प्लायवूडचा तक्ता आठ फूट बाय चार फूट मिळतो, म्हणून त्याने आठ फुटांच्या आत मावेल अशी चौकोनी तोंडाची होडी काढली. तिचं नाकाड पुढून कापल्यासारखं दिसतं ते सौंदर्यदृष्टीतून नव्हे, तर तक्त्याच्या मापातून. बाप आणि लेकाने मिळून हातोडी-करवतीने करावी अशी ही ‘ऑप्टिमिस्ट’ जगभर पसरली. भारतातही मुलांची शिडाशी पहिली ओळख बहुधा तिच्यावरच होते, फक्त आता ती फायबरची असते.

ब्रिटनमध्ये या धंद्याचा खरा धनी जॅक होल्ट. लंडनमध्ये थेम्सकाठच्या पटनीत त्याचं होडी बांधायचं दुकान होतं. १९४७ मध्ये एका नौकाविषयक मासिकासाठी त्याने मुलांची ‘कॅडेट’ काढली. १९५६ मध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाने त्याच्याकडून ‘एंटरप्राइज’ करून घेतली. तिची निळी शिडं लोकांच्या डोळ्यांत भरावीत म्हणून दोन होड्या भर हिवाळ्यात रात्री इंग्लिश खाडी ओलांडून नेल्या गेल्या. जाहिरात म्हणून हा वेडेपणाच, पण होडी खपली.

आणि मग १९६३. ‘डेली मिरर’चा खप तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास होता आणि वाचक बहुतांशी कामगार वर्गातला. शिडाची होडी ही साहेब लोकांची चैन, असा त्या वर्गाचा पक्का समज. त्यांना परवडेल अशी होडी काढायची ठरली, नाव ‘मिरर’. होल्टच्या जोडीला घेतला बॅरी बकनेल. हा बीबीसीवर घरदुरुस्ती शिकवायचा. पडकं घर विकत घेऊन ते प्रेक्षकांच्या देखत आठवड्यामागून आठवडे दुरुस्त करण्याचा त्याचा कार्यक्रम नुकताच घरोघर पोचला होता. सामान्य माणूस कुठे अडतो हे त्याला ठाऊक होतं. होडी बांधताना तो अडणार साच्यापाशी, म्हणून साचाच काढून टाकला.

कसा, ते बघण्यासारखं आहे. प्लायच्या कापलेल्या पट्ट्यांच्या कडांना ओळीने भोकं पाडायची. दोन पट्ट्या शेजारी धरून त्या भोकांतून तांब्याची तार ओवायची आणि पकडीने पिळायची. जसजशी तार आवळत जाते तसतशा सपाट पट्ट्या आपोआप वळतात आणि होडीचा आकार उभा राहतो. आकार कापणीतच लपलेला असतो. मग आतल्या सांध्यांवर काचेच्या धाग्यांची पट्टी ठेवून तिच्यावर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, चोपडायचं. ते घट्ट झालं की बाहेरून दिसणाऱ्या तारा कापायच्या, घासून सपाट करायच्या आणि तिथेही पट्टी मारायची. वाफ, साचा, फासळ्या, काही नाही. (शिवलेल्या होड्या आपल्या पश्चिम किनाऱ्याला अर्थात नव्या नाहीत. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात काथ्याने शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ २०२५ मध्ये नौदलात आलं. पण तिथे काथ्या हाच कायमचा सांधा असतो. ‘मिरर’ची तार रेझिन वाळेपर्यंतची धनी.)

जोडणीचा संच ६३ पौंड ११ शिलिंगांना मिळायचा, म्हणजे त्या काळच्या कामगाराची साधारण महिन्याची कमाई. लांबी ३.३ मीटर, वजन ४५ किलोच्या आसपास, शीड वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखं लाल. डोलकाठी दोन तुकड्यांत केली, कारण सगळ्या काठ्या होडीच्या पोटात मावल्या पाहिजेत आणि होडी मोटारीच्या टपावर बसली पाहिजे. जानेवारी १९६३ मधल्या लंडनच्या नौका प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. योगायोग असा की तो महिना इंग्लंडमध्ये विसाव्या शतकातला सर्वांत थंड महिना ठरला.

थंडीची एक अडचण कोणत्याच माहितीपत्रकात ठळक नसते. रेझिन गारठ्यात घट्ट व्हायला तयार नसतं. मग गॅरेजमध्ये हीटर लावा, नाहीतर होडी सरळ बैठकीच्या खोलीत आणा. ‘मिरर’ची रुंदी १.४ मीटर, घराचा दरवाजा त्याहून अरुंद. आडवी करून निघते, पण हे बांधायच्या आधी मोजलेलं बरं. संसारात या होडीने किती वादळं आणली असतील याची नोंद कोणी ठेवलेली नाही. होड्यांची मात्र आहे. प्रत्येक होडीला अनुक्रमांक मिळायचा आणि तो शिडावर रंगवायचा. हे आकडे पुढे सत्तर हजारांच्या वर गेले. अनुक्रमांकामुळे मालकांची संघटना झाली आणि शर्यतींना नियम आले. तुझी कितवी, असं विचारत अनोळखी माणसं बोलायला लागली. आपलं काम दुसऱ्याला दाखवण्याची सवय इथूनच रुजली.

मोटारींच्या बाजूला वर्तमानपत्राची जागा कराने घेतली. १९२२ ते १९३९ या काळात निघालेली ‘ऑस्टिन सेव्हन’ ही चिमुकली गाडी युद्धानंतर भंगाराच्या भावात मिळायची. तिची बॉडी काढून टाकायची, चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, स्वतःची हलकी बॉडी चढवायची आणि शर्यतीत उतरायचं. १९३९ मध्ये स्थापन झालेला ‘७५० मोटर क्लब’ याच जमातीचा. कॉलिन चॅपमन या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने १९४८ मध्ये मैत्रिणीच्या आई-वडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये जुन्या ऑस्टिनवरून आपली पहिली गाडी केली. त्यातून ‘लोटस’ ही मोटार कंपनी उभी राहिली. १९५७ मध्ये तिची ‘लोटस सेव्हन’ आली आणि ती सुट्या भागांत मिळायची. तयार मोटारीवर तेव्हा जबर खरेदी कर होता. भाग सुटे घेऊन घरी जोडले तर कर नाही. अट एवढीच की जोडणीच्या सूचना सोबत देता येणार नाहीत. असं सांगतात की कंपनीने मग गाडी खोलायची कशी याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या खालून वर वाचायच्या! १९७३ मध्ये हा कर जाऊन व्हॅट आला आणि ही पळवाट बुजली. पण तोवर घरच्या गॅरेजमध्ये गाडी जोडता येते हे दोन पिढ्यांना कळून चुकलं होतं.

जर्मनीने तर या ऋतुचक्राला कायद्यातच बसवलं. १९९७ पासून तिथे ठरावीक महिन्यांपुरतीच नंबरप्लेट घेता येते, महिन्यांचे आकडे प्लेटवरच छापलेले असतात, आणि उरलेल्या काळाचा कर भरावा लागत नाही. गाडी वर्षातले काही महिने खोललेली पडणार, हे सरकारनेही मान्य केलं म्हणायचं.

आपल्याकडे घड्याळ उलटं चालतं. मुंबई बंदरात शिडाच्या होड्या साधारण ऑक्टोबर ते मे फिरतात, पावसाळ्यात वर ओढून ठेवतात. कोळीवाड्यातही होड्यांची शाकारणी आणि डागडुजी त्याच महिन्यांत होते. म्हणजे विंटर प्रोजेक्टला मराठीत पावसाळी कामच म्हणावं लागेल. एक धागा मात्र थेट जुळतो. पीटर मिल्न याने १९६२ मध्ये काढलेली ‘फायरबॉल’ ही प्लायवूडची, घरी बांधता येईल अशी चपटी, वेगवान होडी. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतल्या नौकाशर्यती मुंबईत झाल्या आणि फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी याच वर्गात सुवर्णपदक जिंकलं. जुन्या मोटारींना आपल्याकडे २०२१ मध्ये स्वतंत्र नियम मिळाले. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते, पण रोजच्या वापराला नाही.

सध्या या छंदात बांधण्यापेक्षा दुरुस्तीचं पारडं जड आहे. साठच्या दशकातल्या ‘मिरर’ आता स्वतःच जुन्या झाल्या. त्या वेळचं पॉलिएस्टर रेझिन लाकडाला जन्मभर चिकटून राहत नाही. पाणी आत शिरलं की पट्टी सालीसारखी सुटते आणि खालचा प्लाय काळा पडून मऊ होतो. मग गरम हवेच्या यंत्राने पट्टी सोलायची, कुजलेलं लाकूड कापून नवा तुकडा बसवायचा आणि सांधा इपॉक्सी या जास्त पक्क्या रेझिनने भरायचा. लाकडासाठी इपॉक्सी वापरण्याची पद्धत मिशिगनमधल्या गूजन बंधूंनी १९६९ च्या सुमारास बाजारात आणली. ते मुळात बर्फावरच्या डीएन बांधणारे. मोटारींचंही तसंच. १९८० मध्ये बंद झालेल्या ‘एमजीबी’ या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीची अख्खी नवी बॉडी १९८८ पासून मूळ साच्यांवर पुन्हा निघू लागली, कारण जुन्यांचे पत्रे मिठाने खाल्ले होते. गाडी तीच, नंबर तोच, पत्रा मात्र नवा. अशा गाडीला जुनी म्हणायचं का, यावर क्लबांमध्ये अजून भांडणं चालतात.