प्राध्यापकांचे प्रशिक्षण आणि पदोन्नतीची गाठ

पहिलीच्या मुलांना अक्षर शिकवायचे तर डी.एड. लागते. दहावीला बीजगणित शिकवायचे तर बी.एड. लागते, त्यात सराव पाठ घ्यावे लागतात आणि मागच्या बाकावर बसलेले मार्गदर्शक त्या पाठांच्या चुका वहीत टिपतात. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवायला मात्र अध्यापनाची कोणतीही पदविका लागत नाही. पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. असली की माणूस थेट शंभर मुलांसमोर उभा राहतो. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापन अभियोग्यतेचे प्रश्न असतात, पण तेही पर्यायांतून उत्तर निवडायचे. वर्गात उभे राहून दाखवायची वेळ येत नाही.

आज विद्यापीठे आणि महाविद्यालये अध्यापन-अध्ययनावर एखादा दिवस ठेवतात, आठवड्याचा प्राध्यापक विकास कार्यक्रम घेतात, ऑनलाइन अभ्यासवर्ग भरवतात. हे सगळे ही उणीव नंतर भरून काढण्याचे प्रयत्न आहेत. ती मुळात का राहिली आणि इतकी वर्षे भरत का नाही, हे पाहायचे तर बरेच मागे जावे लागते.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. लंडन विद्यापीठ त्या काळी परीक्षा घेऊन पदव्या देत असे, मुंबईनेही तेच करायचे ठरले. शिकवणे हे एल्फिन्स्टन, विल्सन, डेक्कन अशा महाविद्यालयांचे काम, विद्यापीठाचे काम पेपर काढण्याचे, तपासण्याचे आणि निकाल लावण्याचे. विद्यापीठांनी स्वतः शिकवावे याला कायद्याने जागा दिली ती १९०४ साली. मुंबईत समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली सुरू झाला तो १९१९ साली, म्हणजे स्थापनेनंतर बासष्ट वर्षांनी. ज्या संस्थेचा पाया परीक्षा हा होता, तिच्या नियमांत वर्गात काय चालते याची नोंद कुठे असणार? संलग्नतेची हीच घडण पुढे पुणे, मराठवाडा, शिवाजी या विद्यापीठांकडे आली. अभ्यासमंडळ अभ्यासक्रम ठरवते, परीक्षा विभाग प्रश्नपत्रिका छापतो, आणि या दोहोंच्या मधले काम प्राध्यापकावर सोडलेले असते.

शाळेच्या बाबतीत आपली परंपरा अगदी वेगळी आहे. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यातल्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या म्हणून साताऱ्यात आधी शिक्षक घडवणारे विद्यालय उभे केले. शिकवण्यासाठी आधी शिकावे लागते, ही गोष्ट महाराष्ट्राला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचे नाव मिळाले, पण त्याच विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्याकडून त्या प्रशिक्षणाची अपेक्षा नियमाने आजही केली जात नाही. ही विसंगती मला फार टोचते.

स्वातंत्र्यानंतर नेमलेल्या राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) उजळणी वर्गांची शिफारस केली. हे वर्ग विद्यापीठांनी भरवायचे होते, पण माध्यमिक शाळा आणि इंटरमिजिएट महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी. शिवाय हेतू विषयज्ञान ताजे करण्याचा होता. १९६३ पासून अमेरिकी मदतीने विज्ञान शिक्षकांच्या उन्हाळी शिबिरांची लाट आली, तिचाही भर नव्या अभ्यासक्रमावर आणि प्रयोगांवर होता. पदार्थविज्ञान कसे बदलले हे शिक्षकाला कळावे, असा विचार. ते कसे शिकवावे, हा प्रश्न दुय्यम राहिला.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) तो प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला. नव्याने रुजू झालेल्या अधिव्याख्यात्यांसाठी सत्राच्या सुरुवातीला काही आठवड्यांचे उद्बोधन वर्ग असावेत आणि मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी कायमची स्टाफ कॉलेजे काढावीत, असे आयोगाने सुचवले. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. भारतीय शिक्षण संस्था त्यांनीच उभारली आणि ती पुढे पुण्यात आली. आयोगाची शिफारस स्वच्छ होती: माणूस वर्गात रुजण्याआधीच त्याला हात द्यावा. ती अमलात यायला वीस वर्षे गेली, आणि आली तेव्हा तिची वेळ बदललेली होती.

बाहेर या काळात काय चालले होते तेही थोडे पाहायला हवे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९६२ साली अध्ययन-अध्यापनाच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र काढले. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये सूक्ष्म अध्यापनाचे तंत्र पुढे आले: पाच-सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, लगेच प्रत्याभरण (फीडबॅक) आणि सुधारून पुन्हा तोच पाठ. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या शिक्षणशास्त्राच्या केंद्राने ते भारतीय वर्गांना जुळवून घेण्यावर पुष्कळ काम केले. बी.एड. केलेल्या प्रत्येकाने ते केलेले असते. ज्या विद्यापीठात शिक्षणशास्त्र विभाग सूक्ष्म अध्यापन शिकवतो, त्याच विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाला त्याचा पत्ता नसतो. दोन इमारतींमधले अंतर चालत पाच मिनिटांचे असते.

आता १९८७ कडे येऊ, कारण पुढचे सगळे तिथे ठरले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला महत्त्व दिले होते. मेहरोत्रा समितीने वेतनश्रेणींच्या शिफारशी केल्या होत्या. १९८७ च्या मध्यात केंद्राने नव्या श्रेणी जाहीर केल्या: अधिव्याख्याता २२००-४०००, वरिष्ठ श्रेणी ३०००-५०००, निवड श्रेणी ३७००-५७००. या पॅकेजवरून त्याच वर्षी प्राध्यापक संघटनांनी देशभर संप केला. आठ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ श्रेणी मिळण्याच्या अटींत एक अट अशी होती की साधारण चार-चार आठवड्यांचे दोन उजळणी वर्ग किंवा तशाच दर्जाचे दुसरे प्रशिक्षण झालेले असावे. आणि त्याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजची योजना आणली. पहिल्या टप्प्यात ४८ केंद्रे मंजूर झाली. पुढे पुणे, मुंबई, नागपूर, औरंगाबाद, अमरावती आणि गोवा या विद्यापीठांतली केंद्रे आपल्याकडच्या प्राध्यापकांना ओळखीची झाली.

प्रशिक्षण वर्ग आणि वेतनश्रेणी यांची गाठ बसली ती इथे. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. अट नसती तर सत्र चालू असताना प्राचार्यांनी कोणाला महिनाभर सोडले असते? पण गाठ बसल्यावर प्रशिक्षणाची वेळ श्रेणीच्या तारखेवरून ठरू लागली. कोठारी आयोगाला रुजू होताच हवे असलेले उद्बोधन कित्येकांना सहाव्या-सातव्या वर्षी मिळाले. तोवर माणसाची शिकवण्याची पद्धत, आवाजाची पट्टी, नोट्सची वही, सगळे पक्के झालेले असे.

उद्बोधन वर्गाची आखणीही बघण्यासारखी आहे. चोवीस कामाचे दिवस, रोज सहा तास, एकूण १४४ तास. त्यांचे चार घटक: समाज, पर्यावरण आणि विकास यांचा शिक्षणाशी संबंध; शिक्षणाचे तत्त्वज्ञान, भारतीय शिक्षणव्यवस्था आणि अध्यापनशास्त्र; साधनांची ओळख आणि ज्ञाननिर्मिती; व्यवस्थापन आणि व्यक्तिमत्त्व विकास. म्हणजे ‘कसे शिकवावे’ याला चारांपैकी एका घटकात आणि तेही तत्त्वज्ञान व व्यवस्था यांच्या जोडीने जागा. उजळणी वर्ग १०८ तासांचा आणि तो विषयाचाच. पाहुणे व्याख्याते यायचे, दीड-दीड तास बोलायचे. व्याख्यान पद्धतीच्या मर्यादा व्याख्यानातून ऐकायच्या, असे अनेक ठिकाणी घडले.

तरीही या वर्गांनी दिलेले मोठे होते आणि ते मान्य करायला हवे. गडचिरोलीकडच्या महाविद्यालयात एकट्याने विभाग सांभाळणारा प्राध्यापक चार आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायचा. त्याला मोठे ग्रंथालय मिळायचे, विषयातली नामवंत माणसे समोर दिसायची आणि मुख्य म्हणजे आपल्यासारखीच अडचण असलेले तीस-चाळीस सोबती भेटायचे. संध्याकाळी मेसमध्ये जे बोलणे व्हायचे त्यातून कित्येकांचे एम.फिल.चे, पीएच.डी.चे विषय निघाले. मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजी पाठ्यपुस्तकावर का अडखळतात, एकाच वर्गात अर्ध्यांना इंग्रजी आणि अर्ध्यांना मराठीत कसे सांगायचे, यावर खरी चर्चा वेळापत्रकाबाहेरच झाली. वर्ग ऑनलाइन झाल्यावर सर्वांत आधी हेच हरवले.

काही क्षेत्रांनी वेगळी वाट धरली. तंत्रशिक्षणात साठच्या दशकातच भोपाळ, कोलकाता, चंडीगड आणि चेन्नई इथे तंत्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या संस्था निघाल्या, महाराष्ट्र आणि गोव्यातले तंत्रनिकेतनांचे शिक्षक भोपाळच्या संस्थेकडे जात. वैद्यकीय शिक्षणात पुद्दुचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत सत्तरच्या दशकात राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि १९९७ च्या नियमांनी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण कक्ष असणे आवश्यक केले. तिथल्या कार्यशाळेचे रूप पाहिले की फरक लगेच कळतो. शस्त्रक्रियेचा मुरलेला प्राध्यापक सहा मिनिटांचा पाठ घेतो. समोर शरीररचनाशास्त्र, बालरोग, भूलशास्त्र अशा विभागांतले सहकारी विद्यार्थी म्हणून बसतात. त्यांच्या हातात तपासणी यादी असते: उद्दिष्ट सांगितले का, प्रश्न विचारून थांबला का, उत्तर चुकले तेव्हा काय केले, फळा वाचता येतो का, शेवटी सारांश विद्यार्थ्यांकडून घेतला की स्वतःच बोलला. मग तो गोलात बसतो आणि सगळे ऐकतो. आधी काय चांगले झाले ते, मग काय बदलता येईल ते. वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला आपण प्रश्न विचारून दोन सेकंदही थांबत नाही हे पहिल्यांदा तिथे समजते. व्याख्यानाने हे कळणे शक्य नाही.

मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञान कसे शिकले जाते यावर संशोधन करत आले आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राने १९८८ पासून महाविद्यालयीन प्राध्यापकांना संशोधनासाठी दार उघडे ठेवले. आयआयटी मुंबईने पंधरा वर्षांपूर्वी दूरस्थ केंद्रांच्या जाळ्यातून एकाच वेळी हजारो अभियांत्रिकी शिक्षकांपर्यंत पोचायचा मोठा उपक्रम केला. या तिन्ही ठिकाणी माणसे मुख्यतः शिकण्यासाठी आली, हे महत्त्वाचे वाटते.

सर्वसाधारण महाविद्यालयांची गाठ मात्र २०१० नंतर आणखी घट्ट झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकाच्या कामाला गुण लावले. वर्ग, चर्चासत्र, शोधनिबंध, प्रत्येकाचे ठरलेले गुण. त्याच दशकात महाविद्यालयांत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष रुळले आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या अहवालासाठी कार्यक्रम होऊ लागले. नॅकच्या सात निकषांपैकी दुसरा निकष ‘अध्यापन-अध्ययन आणि मूल्यमापन’ हा आहे. पण प्राध्यापकांनी किती विकास कार्यक्रम केले याची मोजणी त्यात येत नाही. ती येते सहाव्या, ‘शासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन’ या निकषात. कागदोपत्रीच प्रशिक्षण वर्गापासून वेगळे होऊन प्रशासनाच्या रकान्यात गेले आहे.

मधल्या काळात नावे बदलत गेली. २०१४ च्या डिसेंबरात पंडित मदनमोहन मालवीयांच्या नावाने शिक्षकांसाठी राष्ट्रीय अभियान सुरू झाले. २०१५ मध्ये ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजची मानव संसाधन विकास केंद्रे झाली. ५ सप्टेंबर २०२३ रोजी मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम आला, त्यात देशभर १११ केंद्रे. २०२० च्या नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची ओळख करून देणारा आठ दिवसांचा ऑनलाइन वर्ग घरबसल्या करता येतो. नवनियुक्तांसाठी गुरु-दक्षता हा महिन्याचा प्रवेशवर्गही आहे, आणि कोठारी आयोगाच्या मूळ कल्पनेच्या सर्वांत जवळचा तोच आहे. त्याला अध्यापन सरावाची जोड किती मिळते, यावर त्याचे मोल ठरेल.

महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे धोरण लागू झाल्यावर हा विषय तातडीचा झाला आहे. मुख्य विषय, उपविषय, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प असे नवे घटक आले, श्रेयांकांची (क्रेडिटची) मांडणी बदलली. ज्यांनी आयुष्यभर एकच पेपर शिकवला त्यांना दोन श्रेयांकांचा अगदी वेगळा अभ्यासक्रम शिकवायचा आहे. अशा वेळी महाविद्यालयाने ठेवलेला अध्यापनाचा एक दिवस खूप काही करू शकतो. पण दहाचा कार्यक्रम अकराला सुरू होतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय आणि अध्यक्षीय भाषण आटोपेपर्यंत साडेबारा वाजतात, आणि तज्ज्ञाला जेवणाआधी चाळीस मिनिटे उरतात. तो स्लाइड भराभर पुढे सरकवतो. जेवणानंतर प्रमाणपत्रांचे वाटप. हाच दिवस तीन सहकाऱ्यांच्या सहा-सहा मिनिटांच्या पाठांवर आणि त्यावरच्या मोकळ्या बोलण्यावर घालवला, तर बाहेरच्या तज्ज्ञाचीही गरज नाही. महाविद्यालयाच्या आवारात अध्यापक विद्यालय असेल तर तिथले शिक्षक तपासणी यादी वापरायला आनंदाने शिकवतील.

आणि या साऱ्या व्यवस्थेत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक जवळजवळ नाहीतच. अनेक महाविद्यालयांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे बरेचसे वर्ग तेच घेतात. त्यांना वेतनश्रेणी नाही, पदोन्नती नाही, त्यामुळे पदोन्नतीसाठी बांधलेल्या प्रशिक्षणात त्यांच्यासाठी कारणच उरत नाही. शिवाय मानधन घेतलेल्या तासांचे मिळते, त्यामुळे वर्ग सोडून कार्यशाळेला बसायचे तर त्या दिवसाचे पैसे बुडतात. अध्यापनाच्या दिवसाचे तास त्यांच्या मानधनात धरले जावेत, एवढा एक ठराव महाविद्यालय विकास समितीने केला, तर ज्या वर्गांत सर्वाधिक नवी मुले बसतात त्या वर्गांचे शिक्षक त्या दिवशी सभागृहात असतील.