पुनःप्रवेश, अवकाशीय

अवकाशीय पुनःप्रवेश : कक्षेत सोडलेली वस्तू पृथ्वीच्या वातावरणात परत शिरण्याची क्रिया. यान ठरल्या जागी उतरवले जाते तो नियंत्रित पुनःप्रवेश. निकामी उपग्रह किंवा अग्निबाणाचा रिकामा टप्पा हवेच्या रोधाने हळूहळू खाली ओढला जातो तो अनियंत्रित. दुसऱ्या प्रकाराची ओळख पूर्व विदर्भाला झाली ती २ एप्रिल २०२२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात. या नोंदीत अनियंत्रित पुनःप्रवेशाचाच विचार केला आहे.

त्या दिवशी गुढीपाडवा होता. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भातून, तसेच उत्तर महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेशातून आकाशात ठिणग्यांची एक रांग सरकताना दिसली. अंगणात बसलेल्यांनी ‘तारा तुटला’ म्हटले, तरी हा तारा तुटण्याचा प्रकार नव्हता. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किमी. वेगाने येते आणि बहुधा एकदोन सेकंदांत विझते. कक्षेतून उतरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला ८ ते १० किमी. असतो, मार्ग जवळजवळ आडवा असतो आणि तुकडे एकामागोमाग एक जळत जातात, त्यामुळे हे दृश्य बराच वेळ टिकते. लाडबोरी गावाजवळ मोकळ्या जागेत एक मोठे धातूचे कडे पडले. पवनपार परिसरात फूट-दीड फूट व्यासाचा गोळा सापडला. प्राणहानी झाली नाही. या वस्तू पोलिसांनी ताब्यात घेतल्या व पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी जिल्ह्यात येऊन त्यांची पाहणी केली.

हे अवशेष कोणाचे, यावर दोन मते पुढे आली. न्यूझीलंडमधील माहिया येथून त्याच संध्याकाळी (भारतीय वेळेनुसार सहानंतर) इलेक्ट्रॉन अग्निबाण सुटला होता, म्हणून सुरुवातीला काहींनी त्याच्याकडे बोट दाखवले. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते मात्र हा चीनच्या लाँग मार्च ३-बी (क्रमांक वाय-७७) अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा. त्याचे उड्डाण फेब्रुवारी २०२१ मध्ये झाले होते. पहिल्या मताला वेळेच्या योगायोगापलीकडे फारसा आधार नाही. इलेक्ट्रॉनचा व्यास अवघा १.२ मी. असून त्याची बांधणी प्रामुख्याने कार्बन तंतूंची आहे. लाडबोरीच्या कड्याचा व्यास निरनिराळ्या बातम्यांत २ ते ३ मी. असा दिला गेला. यातला लहानात लहान आकडा धरला तरी ते कडे इलेक्ट्रॉनमध्ये मावत नाही. लाँग मार्चच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास ३ मी. आहे. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.   

असा टप्पा खाली येतो तो पुढीलप्रमाणे. भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणारा) उपग्रह आधी लांबट संक्रमण कक्षेत सोडला जातो. या कक्षेचा जवळचा बिंदू (उपभू) साधारण २०० किमी., तर दूरचा (अपभू) सुमारे ३५,८०० किमी. उंचीवर असतो. रिकामा टप्पा याच कक्षेत मागे राहतो. प्रत्येक फेरीत उपभूजवळ विरळ हवेशी घर्षण होऊन त्याची थोडी गती जाते, त्याने अपभू खाली येतो आणि कक्षा आवळत जाते. सूर्य-चंद्राच्या ओढीने उपभूची उंचीही बदलते. सौर क्रिया वाढली की वरची हवा फुगते व रोध वाढतो. अखेरच्या फेऱ्यांत वेळेचा अंदाज एका तासाने चुकला तर स्थानाचा अंदाज सुमारे २८,००० किमी.नी चुकतो, म्हणून टप्पा कोणत्या तालुक्यात पडेल हे आधी सांगता येत नाही.

सुमारे ८० किमी. उंचीवर टप्पा फुटतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते, टायटॅनियम १,६६८ अंशांना, त्यामुळे पत्रे जळून जातात आणि गोळे उरतात. हे गोळे म्हणजे हेलियमसारखा वायू प्रचंड दाबाखाली साठवण्याची पात्रे. काहींवर धातूच्या पातळ कवचाभोवती कार्बन तंतू घट्ट गुंडाळलेले असतात. त्यांना बांधणारी राळ जळाली की तंतू उसवलेल्या सुंभासारखे लोंबतात. काही टाक्यांत हायड्रॅझीन हे विषारी इंधन उरलेले असू शकते. अशा वस्तूला हात न लावता पोलीस पाटील किंवा तहसीलला कळवावे. मे २०२२ मध्ये गुजरातेतील आणंद जिल्ह्यातही असेच गोळे पडले.

अंतराळवीरांची सुटका व अवकाशातील वस्तू परत करण्याविषयीच्या १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशी वस्तू सापडल्यास प्रक्षेपक देशाला व संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचे असते. १९७२ च्या दायित्व करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची भरपाई दोष सिद्ध न करताही प्रक्षेपक देशाकडून मागता येते. मागणी शेतकऱ्याने नव्हे, त्याच्या सरकारने करायची असते. कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला सोव्हिएट उपग्रह १९७८ मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने या कराराच्या आधारे दावा केला आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनडियन डॉलरवर तडजोड झाली.