स्टेरॉइडची औषधे घेताना: ताण, कॉर्टिसोल आणि उतरता डोस

आपल्याला किंवा आपल्या घरातील कोणाला डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन यांपैकी एखादे औषध लिहून दिले असेल, तर कृपया हे पत्रक सवडीने वाचावे. ही औषधे नेणाऱ्या ग्राहकांकडून आमच्या दुकानात दोन परस्परविरुद्ध मागण्या नेहमी होतात. ‘स्टेरॉइड’ म्हटले की काहीजण चिठ्ठीवरची तेवढी एक गोळी वगळून बाकीची औषधे द्यायला सांगतात, तर काहीजण मागच्या वेळी चटकन आराम पडला म्हणून चिठ्ठीशिवाय तीच स्ट्रिप पुन्हा मागतात. या दोन्ही गोष्टी आपल्या प्रकृतीला अपायकारक ठरू शकतात. त्या का, हे समजण्यासाठी शरीर स्वतः ताणाला कसे तोंड देते हे आधी पाहावे लागते, कारण आपल्या शरीरात रोज तयार होणाऱ्या एका संप्रेरकाच्या धर्तीवरच ही औषधे बनवलेली आहेत.

शरीराची स्वतःची व्यवस्था

रस्ता ओलांडताना अचानक गाडी अंगावर आली की छाती धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो, श्वास जलद होतो. हे काम ॲड्रेनालिन या संप्रेरकाचे असून ते काही सेकंदांत होते. त्याच वेळी दुसरी, जरा सावकाश चालणारी यंत्रणाही जागी होते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पीयूषिका ग्रंथीला सूचना देतो, पीयूषिका ग्रंथी रक्तात एसीटीएच नावाचे संप्रेरक सोडते, आणि ते पोहोचले की दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल तयार करू लागतात. जेमतेम 4 ते 5 ग्रॅम वजनाच्या या ग्रंथी आहेत, पण त्यांच्यावाचून माणूस जगू शकत नाही.

कॉर्टिसोल यकृताकडून रक्तात साखर सोडवते, रक्तदाब टिकवून धरते आणि प्रतिकारशक्तीला आवर घालते. या तिसऱ्या कामाचे महत्त्व सहसा लक्षात येत नाही. जखम झाली किंवा जंतू शिरले की शरीर त्या जागी सूज आणते, आणि ती सूज हवीच असते. परंतु तिला वेळेवर कोणी थांबवले नाही, तर तीच स्वतःच्या पेशींचे नुकसान करू लागते. पुरेसे कॉर्टिसोल झाले की हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका ग्रंथी यांना रक्तातूनच त्याचा सुगावा लागतो आणि त्या आपल्या सूचना कमी करतात. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी. उतरत्या डोसचे, म्हणजे गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे, सगळे कारण तिच्यात आहे.

ताण नसतानाही कॉर्टिसोल रोज बनतच असते. पहाटेपासून ते वाढत जाते, सकाळी जाग येण्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी होते. म्हणूनच दिवसातून एकदा घ्यायची स्टेरॉइडची गोळी बहुधा सकाळी, नाश्त्यानंतर घ्यायला सांगितलेली असते. तीच रात्री घेतल्यास अनेकांची झोप उडते.

औषध म्हणून उपयोग

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांना असे दिसले होते की आमवाताने जखडलेल्या काही स्त्रियांचे सांधे गरोदरपणात मोकळे होतात, आणि कावीळ झालेल्या काही रुग्णांनाही तसाच आराम पडतो. तेथेच काम करणाऱ्या एडवर्ड केंडल यांनी अधिवृक्क ग्रंथीत शोधून काढलेले कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसोलच्या अगदी जवळचे संप्रेरक, सप्टेंबर 1948 मध्ये आमवाताने जवळजवळ अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला टोचण्यात आले, आणि काही दिवसांतच ती चालू लागली. 1950 साली या दोघांना टाडेउश राइखश्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिल्यास हेच औषध अपाय करते, हेही त्या पहिल्या काही वर्षांतच दिसून आले. दोन्ही बाजू तेव्हापासून माहीत आहेत, म्हणूनच आज डॉक्टर हे औषध मोजूनमापून देऊ शकतात.

हे औषध पेशीच्या आत शिरते, तिथल्या एका ग्राही प्रथिनाला चिकटते आणि त्याच्यासह पेशीच्या केंद्रकात जाते. तेथे सूज निर्माण करणाऱ्या रसायनांची जनुके शांत केली जातात, तर सूज आवरणाऱ्या काही प्रथिनांची जनुके जागी केली जातात. या उलाढालीला काही तास लागतात. त्यामुळे डोकेदुखीच्या गोळीसारखा अर्ध्या तासात गुण आला नाही म्हणून दुसरी गोळी घेऊ नये. व्यायामशाळांमध्ये स्नायू वाढवण्यासाठी गैरवापर होतो ती स्टेरॉइड पुरुषी संप्रेरकांच्या वर्गातील असून त्यांचा या औषधांशी संबंध नाही.

मात्रेचा अंदाज येण्यासाठी एक हिशेब सांगतो. 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, 4 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, 6 मिलिग्रॅम डेफ्लाझाकॉर्ट आणि पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन यांची ताकद साधारण सारखी असते. निरोगी प्रौढ माणसाचे शरीर एका दिवसात जेवढे कॉर्टिसोल बनवते, ते 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनएवढे किंवा त्याहून थोडे कमीच भरते. म्हणजे दम्याचा जोर वाढल्यावर डॉक्टर रोज 40 मिलिग्रॅम देतात, तेव्हा शरीराच्या रोजच्या गरजेच्या निदान आठपट औषध आपण घेत असतो. काही दिवसांसाठी हे योग्य असते आणि त्याने जीवही वाचतो. मात्र आकड्यांतला हा फरक पाहिल्यावर एका औषधाची गोळी दुसऱ्याच्या जागी आपल्या मनाने बदलू नये, हे वेगळे सांगायला नको.

गोळ्या एकदम बंद का करू नयेत

चिठ्ठीवर पुष्कळदा पाच दिवस चार गोळ्या, पुढचे पाच दिवस तीन, मग दोन, मग एक असे लिहिलेले असते. बरे वाटू लागल्यावर हा उतरता क्रम कशाला पाळायचा, असा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो.

बाहेरून औषध येऊ लागले की रक्तात कॉर्टिसोल भरपूर आहे असे हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका ग्रंथीला वाटते आणि त्या सूचना देणे थांबवतात. सूचना थांबल्या की अधिवृक्क ग्रंथी काम कमी करतात, आणि हे आठवडेच्या आठवडे चालले तर त्या आक्रसतात. घरात नळाचे पाणी आल्यावर अंगणातल्या विहिरीचा उपसा थांबतो आणि तिच्यात गाळ साचतो, तसेच हे आहे. नळ एके दिवशी अचानक गेला, तर विहीर त्याच दिवशी पाणी देऊ शकत नाही. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ रोज गोळी घेतली असेल, तर ग्रंथी मंदावल्या आहेत असेच धरून चालावे लागते. त्या पूर्ववत होण्यास काही आठवडे, तर दीर्घकाळ औषध घेतलेल्यांच्या बाबतीत कित्येक महिने लागू शकतात. डोस हळूहळू उतरवण्यात ग्रंथींना पुन्हा कामाला लागण्यासाठी तेवढा अवधी दिला जातो. चार-सहा दिवसांचा छोटा कोर्स मात्र बहुधा एकदम थांबवता येतो, म्हणून आपल्या चिठ्ठीवर उतरता क्रम नसेल तर तो राहून गेला असे समजू नये. शंका आली तर आम्हाला दाखवावी.

गोळ्या अचानक बंद झाल्यास विलक्षण थकवा, मळमळ, पोटदुखी, अंगदुखी आणि उभे राहताच चक्कर येणे अशी लक्षणे दिसतात. रक्तदाब फार खाली गेला तर जीव धोक्यात येतो. एरवी ज्या तापाला शरीर आपले कॉर्टिसोल कितीतरी पटींनी वाढवून तोंड देते, त्या तापात अशा रुग्णाकडे वाढवायला काहीच नसते. म्हणून दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याला ताप आला, अपघात झाला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो का हे डॉक्टरांना त्वरित विचारावे. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर घरी वाट पाहू नये. रुग्णालयात इंजेक्शन घ्यावे लागते. दात काढायला गेल्यावरही दंतवैद्यांना हे औषध चालू असल्याचे सांगावे, आणि औषधाचे नाव व मात्रा लिहिलेली चिठ्ठी पाकिटात कायम ठेवावी.

कोणती काळजी घ्यावी

मधुमेह असणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर वाढते ती मुख्यतः दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी. उपाशीपोटीची तपासणी त्यामुळे व्यवस्थित येऊ शकते आणि रुग्ण निर्धास्त राहतो. गोळ्या चालू असेपर्यंत जेवणानंतरची साखर अवश्य तपासावी. आधी मधुमेह नसलेल्यांचीही साखर या काळात वाढू शकते.

भूक वाढणे, चेहरा सुजल्यासारखा दिसणे, चिडचिड, पायांवर सूज आणि रक्तदाब वाढणे हे परिणाम मात्रेनुसार कमी-अधिक दिसतात आणि डोस उतरला की बहुतेक ओसरतात. हाडे ठिसूळ होणे, मोतीबिंदू, डोळ्यांतील दाब वाढणे आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडणे हे त्याहून गंभीर आहेत. त्यामुळे महिनोन्महिने औषध चालणार असेल तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि डोळ्यांची तपासणी यांविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या सोबत घेतल्यास जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो. त्या घरात पडून असल्या तरी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पूर्वी क्षयरोग झाला असेल तर तेही सांगावे, कारण दबलेला क्षय या औषधांमुळे पुन्हा डोके वर काढू शकतो.

कोविडच्या काळात या औषधाच्या दोन्ही बाजू आपण सर्वांनी पाहिल्या. जून 2020 मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने दाखवून दिले की रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, मात्र ज्यांना ऑक्सिजनची गरजच नाही त्यांना काही लाभ होत नाही. 2021 च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे (‘काळी बुरशी’ या आजाराचे) हजारो रुग्ण आढळले, आणि अनियंत्रित मधुमेहासोबत स्टेरॉइडचा अतिरेकी वापर हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले गेले.

इनहेलर आणि मलम

दम्याच्या इनहेलरमधील स्टेरॉइडला घाबरण्याचे कारण नाही. ब्युडेसोनाइडच्या एका फवाऱ्यात बहुधा 200 मायक्रोग्रॅम औषध असते, तर प्रेडनिसोलोनच्या एका छोट्या गोळीत 5,000 मायक्रोग्रॅम. शिवाय फवारा थेट श्वासनलिकेत जातो. मुलांचा इनहेलर भीतीपोटी बंद करून मग दर पावसाळ्यात त्यांना गोळ्यांचे कोर्स देण्याची वेळ येते, तेव्हा आम्हाला फार वाईट वाटते. फवाऱ्यानंतर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही.

मलमाच्या बाबतीत मात्र आपली काळजी कमी पडते. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असलेली मलमे गोरेपणासाठी चेहऱ्यावर लावल्याने त्वचा पातळ होते, लाल पडते, तिच्यावर पुरळ व केस येतात, आणि मलम थांबवताच आग होते म्हणून माणूस ते सोडू शकत नाही. गजकर्णावर लावल्यास खाज तेवढी थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरत राहते. आम्ही ही मलमे चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि ओळखीच्या ग्राहकांनीही त्यासाठी आग्रह धरू नये अशी विनंती आहे. डॉक्टरांनी लावायला सांगितले असेल, तर तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि ती दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते.

सांधेदुखी किंवा दम्यावर रामबाण म्हणून मिळणाऱ्या, घटकद्रव्ये न लिहिलेल्या पुड्यांविषयीही सावध राहावे. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. एखादी पुडी बराच काळ घेत असल्यास ती एकदम न थांबवता, सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.

गोळ्यांचा कोर्स लांबचा असेल तर स्ट्रिप संपण्याच्या चार-पाच दिवस आधी मूळ चिठ्ठीसह दुकानात यावे. गावाला जायचे असेल तर तितक्या दिवसांच्या गोळ्या आधीच काढून ठेवू. एखाद्या दिवशी गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवले तर ती लगेच घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवल्यास दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत, ठरलेलीच घ्यावी आणि आम्हाला किंवा डॉक्टरांना कळवावे.